आगोट किती तोंडांची

मे महिना अर्धा सरला की बोईसरच्या बाजाराचा वास बदलतो. एरवी तिथं तळणाचा, धुरळ्याचा, रिक्षांच्या धुराचा वास. मग एक दिवस सकाळी पिशवी घेऊन गल्लीत वळावं, तर नाकात थेट सुका बोंबील आणि जवळा शिरतो, त्यात नव्या चिंचेचा आंबूसपणा आणि शेजारच्या ढिगातल्या मिरच्यांचा ठसका मिसळलेला. लांबून कामाला आलेली माणसं रुमाल लावून भराभरा पुढं जातात. मी तिथंच घुटमळते. आगोट आली, एवढंच मनात येतं.

आगोट म्हणजे काय हे किनाऱ्यावर कुणाला सांगावं लागत नाही, पण वाचणारी माणसं कुठकुठली असतात, म्हणून सांगते. पावसाच्या तोंडाशी चार महिन्यांची जी बेगमी करून ठेवायची, ती आगोट. जून लागला की होड्या वर ओढतात, दर्या बंद होतो, आणि नारळीपौर्णिमेपर्यंत ताजी मासळी ताटात येत नाही. मग तांदूळ, लाकडं, मसाला, चिंच, कांद्याच्या माळा हे सगळं मे महिन्यातच घरात यायला हवं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सुकं. बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. ज्या घरात सुकं नाही त्या घरात आगोट भरली असं आमच्यात कुणी म्हणत नाही.

यंदा आगोट भरायची की नाही, हाच प्रश्न घेऊन मी पंधरा दिवस घरात बसून काढले. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहणारी बाई, वय अडुसष्ट, हिला त्यात एवढं काय अडलं असं वाटेल. पण अडलं खरं. आमच्या घरच्या ग्रुपवर नितीनचा मेसेज आला होता.

नितीन माझा मुलगा, एकुलता एक. पुण्याला असतो, बाराव्या मजल्यावर. सून मृणाल, नात ओवी. ओवी सात वर्षांची आहे. मेसेज असा होता: "आई, यंदा सुकं पाठवू नकोस. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. ओवी खात नाही. आणि इथे वासाचा जरा प्रॉब्लेम होतो. तू उगाच दगदग करू नकोस." त्याच्याखाली जोडलेले दोन हात.

ते हात मी बराच वेळ बघत बसले. मुलानं आईला हात जोडावे असं त्यात काय होतं?

मेसेज चांगला होता, त्यात वावगं काही नव्हतं. रागानं लिहिला असता तर मीसुद्धा दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. काळजीनं लिहिलेल्याला काय बोलायचं. मी "बरं" असं लिहिलं. मग उठून कपाट उघडलं आणि नितीनच्या बाबांचा फोन काढला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता लिहायला बसले आहे तर सांगून टाकते. नितीनचे बाबा जाऊन चार वर्षं झाली. घरच्या ग्रुपमध्ये आम्ही चौघं होतो, नितीन, मृणाल, मी आणि ते. ते गेल्यावर त्यांना ग्रुपमधून काढायचं कुणाच्या हातून झालं नाही. आता ग्रुपची गंमत अशी की पाठवलेल्या मेसेजखालच्या खुणा निळ्या व्हायच्या तर सगळ्यांनी वाचावं लागतं. एकानं जरी वाचलं नाही तरी त्या करड्याच राहतात. पहिल्या महिन्यात नितीन फोनवर म्हणाला होता, "आई, मी पाठवलेलं कधी निळं होतच नाही गं." बोलता बोलता थांबला होता. तेव्हापासून मी त्यांचा फोन चार्ज करून ठेवते, त्यात रिचार्ज मारते आणि नितीनचा मेसेज आला की आधी माझ्यावर वाचते, मग त्यांच्यावर. खुणा निळ्या होतात. पुण्याला त्याला काय वाटत असेल कोण जाणे. त्यानं कधी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

तर यंदा आगोट नको हे त्यांनीही वाचलं.

माझं माहेर तारापूरच्या खालच्या अंगाला, दर्याकाठी. सातपाटीसारखं मोठं बंदर नव्हे, पन्नासेक घरांची आळी. हिवाळ्यात बोंबील भरपूर लागला की पुळणीच्या वाळूवर वलांड्या उभ्या राहायच्या. वलांडी म्हणजे बांबू उभे करून त्यांना आडव्या दोऱ्या ताणलेल्या, कपडे वाळत घालायला ताणतात तशा, पण माणसापेक्षा उंच आणि एकाखाली एक. बोंबील वाळत घालायची आमची एक रीत आहे. एकटा बोंबील दोरीवर राहत नाही, घसरतो. म्हणून दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. बोटांना सवय झाली की बघावं लागत नाही. माझी आय गप्पा मारत, भांडत, एका मांडीवर लहान भावाला झोपवत शेकड्यांनी जोड्या लावायची. मला आणि मथुराला लहानपणी दोरीपर्यंत हातच पुरायचे नाहीत. बोंबलाचे दात बारीक आणि वाकडे, बोटांना सुईसारखे टोचायचे. संध्याकाळी दोघी बोटं मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचो आणि कुणाची जास्त सोलली ते बघायचो.

मथुरा माझ्या बरोबरीची, शेजारच्या घरातली. मी सातवीपर्यंत शाळेत गेले, ती दुसरीत बसली ती तिथंच सुटली. मी लग्नानंतर पुढं बोईसरला आले, ती गावातच दिली. तिच्याबद्दल पुढं सांगायचंच आहे.

त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर मळभ. सुकवणीच्या मोसमात आभाळ भरून येणं म्हणजे संकट. मासळी अर्धवट वाळलेली असते, तिच्यावर दोन थेंब पडले तरी किडे पडतात. मग आळीतलं कुणीतरी आधी बघायचं आणि ओरडायचं, "मळभ आला, काडा गो." त्या हाकेला कुणी हे कुणाचं ते कुणाचं असं करायचं नाही. जी वलांडी जवळ ती उतरवायची. ज्या बाईशी आय सहा महिने बोलत नव्हती तिची वलांडीसुद्धा आयनं उतरवलेली मी पाहिलीय. उतरवून, पोत्याखाली झाकून, परत तिच्याशी न बोलता घरी आली. मी विचारलं, "आता बोलनार काय तिच्याशी?" आय म्हणाली, "मासलीशी भांडन नाय माजा."

आता आभाळ भरून आलं की फोनवर कळतं. ढगाचं चित्र येतं, किती वाजता किती पडेल तेही येतं. ओरडायचं काम राहिलं नाही.

नितीनच्या बाबांनी दर्या सोडून कारखान्यात काम धरलं तेव्हा आम्ही या इमारतीत आलो. समोरच्या दारात सुरेखा. ती लातूरकडची, तिच्या गळ्यात माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा जपून. तिचा नवरा वीज केंद्रात होता. पहिल्याच श्रावणाआधी मी चुलीवर, म्हणजे गॅसवरच, बोंबील भाजले आणि दारावर थाप पडली. पदर नाकाला लावून सुरेखा उभी.

"काय वो ताई, काही मेलंय का तुमच्या घरात?"

मी तेव्हा नुकती तिशी ओलांडलेली, जीभ तिखट. म्हटलं, "मेलंय, पण इथं नाही, दर्यात मेलंय. भाजून झालं की मूठमाती देते."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी परत आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "हे बघा, तुमचं खाणं तुमचं. मला त्यातलं काही म्हणायचं नाही. फकस्त भाजायच्या आधी एकदा माझं दार वाजवत जावा. मी खिडकी लावून घेत जाईन."

तेवीस वर्षं मी ते दार वाजवलं. "सुरेखा, भाजतेय गं." आतून खिडकी लागल्याचा आवाज आला की तवा ठेवायचा. आणि खिडकी लागली की दोन मिनिटांत तिचा नवरा आमच्या घरात. त्याच्या गळ्यात माळ नव्हती. पाट घेऊन स्वयंपाकघरातच बसायचा, नितीनच्या बाबांच्या शेजारी. दोघं बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी खायचे. परत जाताना सुरेखा विचारायची, "कुठं गेलतात?" तो म्हणायचा, "इंदूताईंचा नळ बघायला." आमचा नळ तेवीस वर्षं बिघडलेला होता. सुरेखाला सगळं ठाऊक होतं. एकदा तीच मला म्हणाली, "ताई, नळ दुरुस्त झाल्यावर त्यांना बडीशेप देत जावा की, वास येतो."

नवरा निवृत्त झाल्यावर ती दोघं लातूरला गेली. सुरेखा आता मला रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवते, वर सुप्रभात. मीही पाठवते. तिचं ते तोंडावर बोलणं फुलांतून काही येत नाही. तिच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. दाराला कॅमेऱ्याची घंटा आहे. मागच्या श्रावणाआधी मी जुन्या सवयीनं जाऊन ती दाबली. आतून यंत्रातून आवाज आला, "कौन?" काय सांगणार? भाजतेय म्हणून? मी "कुछ नहीं" म्हणून परत आले आणि त्या दिवशी वरणभात केला.

पुण्याची गोष्ट निराळी. गेल्या वर्षी मी खोका पाठवला तो सात कागदांत बांधून, वर प्लास्टिक, वर परत पुठ्ठा. तरी लिफ्टमध्ये वास राहिला. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी लिहिलं, लिफ्टमध्ये कसला वास आहे. त्याच्याखाली चाळीस जणांनी लिहिलं. कुणी उंदीर म्हणालं, कुणी गटार. कुणी म्हणालं, काही लोकांना फ्लॅटमध्ये कसं राहायचं हे शिकवायला हवं. मृणालचं दार कुणी वाजवलं नाही. मृणाल स्वभावानं चांगली आहे हो. तिनं मला फोन करून सांगितलं, "आई, मनाला लावून घेऊ नका, पण मला ते वाचवेना. मी सगळं कामाच्या मावशींना देऊन टाकलं. त्यांना फार आवडलं." मी म्हटलं, "बरं केलंस." खरंच बरं केलं. खाणाऱ्याच्या तोंडी गेलं. पण त्या रात्रभर मला ते वाक्य टोचत राहिलं, फ्लॅटमध्ये कसं राहायचं. मी पण फ्लॅटमध्येच राहते. पस्तीस वर्षं राहते.

आमच्या इथं कारखान्यांच्या बाजूनं वारा फिरला की डोळे चुरचुरतात. त्या दिवशी आम्ही खिडक्या लावतो आणि गप्प बसतो. त्या वासाबद्दल कुणाला शिकवायला जावं असं आजवर कुणाला सुचलेलं नाही.

आता माझ्या चुकीकडे येते.

नितीनच्या बाबांनंतर मी फोनवर लिहायला लागले. कुणी शिकवलं नाही. दुपारी घर खायला उठतं, तेव्हा दोन ओळी लिहायच्या, आळीतल्या आठवणी, कालवणं. लोकांना आवडायला लागलं. "काकू, अजून लिहा." जे कधी भेटले नाहीत, भेटणार नाहीत, ते सकाळी उठून माझी विचारपूस करायचे. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं. दुपार निघायची.

मग मला वाटलं, नुसतं कालवणांचं काय लिहायचं, काहीतरी उपयोगाचं लिहावं. मथुरा आता बाजारात सुकं विकायला बसते. सकाळी गावाहून एसटीनं येते, टोपली पुढ्यात, डोक्यावर एक छत्री, तिचा दांडा दोरीनं दगडाला बांधलेला. ऊन फिरेल तशी दगड सरकवत राहते. तिच्यासारख्या दहा-बारा जणी. वर छप्पर नाही, जवळपास मोरी नाही, म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत. गेल्या हिवाळ्यात मी लांबूनच तिचा फोटो काढला आणि लिहिलं की सगळ्यांना मासळी चविष्ट लागते, पण ती विकणारीच्या डोक्यावर सावली कधी येणार. सहाशे जणांनी बदाम दिले. कुणी लिहिलं डोळ्यांत पाणी आलं, कुणी लिहिलं आपण आवाज उठवला पाहिजे. एकानं विचारलं, बोंबील घरपोच मिळतील का. मी ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेले तर तिथल्या माणसानं सांगितलं, आता अर्ज ऑनलाइन करा. ऑनलाइन केला. अर्ज स्वीकारला असा मेसेज आला आणि मी खूश होऊन मथुराकडे गेले.

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. शेजारची बाई म्हणाली, "तिचे सुनेनं फोटू दाकवला तिला." मी म्हटलं, "मग चांगलंच लिहिलंय ना मथुरे, सहाशे जणांनी..." मथुरा टोपलीतले बोंबील सारखे करत होती. त्यांच्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमी काय मेलो नव्हतो, विचारायला."

एवढंच. मग गिऱ्हाईक आलं.

ते पोस्ट मी काढून टाकलं, पण काढल्यानं काय होतं, सहाशे जणांनी बघितलंच होतं. त्यानंतर चार महिने मी बाजाराच्या त्या टोकाला गेले नाही. ओली मासळीसुद्धा दारावर येणाऱ्या बाईकडून घेतली. या वयात तुटलं की जोडायला वेळ फार नसतो, हे कळत होतं, तरी पाय निघत नव्हते.

म्हणून म्हटलं, पंधरा दिवस घरात बसून काढले. एकीकडे मुलगा म्हणतो नको, दुसरीकडे जिच्याकडून जन्मभर आगोट घेतली तिला तोंड दाखवायची चोरी. मग भरायची कशाला आणि कुणासाठी? न भरता पावसाळा काढायला मला काही अडचण नव्हती. खाली दुकानात सगळं मिळतं, अंडी मिळतात, फोनवर बटण दाबलं की भाजी येते. पण आगोट भरलेली नसताना जून लागणार, हे मनाला पटेना. आय गेली त्या वर्षीसुद्धा आम्ही आगोट भरली होती. नितीनच्या बाबांचं दिवसपाणी मे महिन्यातच होतं, त्याही वर्षी भरली.

त्या वर्षीचं सांगायचं म्हणजे आमच्याकडची एक रीत सांगावी लागते. आगोटीला सुकं घ्यायला गेलं की विकणारी आधी भाव सांगत नाही. आधी विचारते, तोंडं किती? म्हणजे घरात खाणारी माणसं किती. त्या आकड्यावर तिचे हात चालतात. दर तोंडामागं बोंबलाच्या किती जुड्या, जवळ्याची किती मापं, हे तिला पाठ असतं. बायका तिथं खोटं बोलत नाहीत. कमी सांगितलं तर आषाढात आपलंच घर उपाशी आणि जास्त सांगितलं तर मासळी वाया. ओवी झाल्यापासून मी पाच सांगायची. नितीन, मृणाल, ओवी, मी आणि नितीनचे बाबा. ते गेले त्या वर्षी मथुरानं विचारलं, "तोंडं किती?" आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "पाच." मथुरा तेराव्याला येऊन गेलेली बाई. तिनं वर बघितलं आणि पाच तोंडांचं बांधून दिलं. पुढच्या वर्षी परत पाच. त्याच्या पुढच्या वर्षीही. चार वर्षं ती विचारत आली, मी पाच सांगत आले, ती बांधत आली. त्यांच्या वाटणीचं जास्तीचं सुकं मी काय केलं ते विचारू नका.

शेवटी मे संपायला तीन दिवस राहिले तेव्हा मी पिशवी घेतली. ठरवून गेले असं नाही. भाजी आणायला उतरले आणि पाय तिकडं वळले.

मथुरा होती. छत्रीची एक काडी मोडलेली. टोपली अर्धी झालेली, आगोटीचं गिऱ्हाईक बहुतेक होऊन गेलेलं. मला बघून तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. मी समोर उभी राहिले. ती बराच वेळ जवळ्यातला कचरा निवडत होती. मग म्हणाली, "फोन आनलास?"

"पिशवीत हाय," मी म्हटलं. तिच्यासमोर माझी भाषा आपोआप आळीत जाते.

"तितंच र्‍हाव दे."

"काढत नाय गं."

"छप्पर कधी घालतान?"

"कोण?"

"ते सहाशे."

मी म्हटलं, "त्यातलं कुणी येत नाय मथुरे. अर्ज केलाय, त्याचंही काय झालं नाय."

"त्यातला एक तरी वासा धराय आला असता तर मी जेवाय घातला असता." तिनं एक काडी उचलून फेकली. मग वर बघितलं. "माजा पदर फाटका होता त्या फोटूत. घरी धड लुगडा होता गो इंदू. सांगितलं असतंस तर नेसून आले असते. सुनेचे माहेरची मानसा बघतात ते."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले, तिनं हात पुढं केला नाही, पण टोपली जरा बाजूला सरकवली. "चुकलं माझं," मी म्हटलं. "सांगायला हवं होतं. तुझी सावली मागायला निघाले आणि तुलाच विचारलं नाही."

"चुकलंच," ती म्हणाली. भांडण तिथं संपलं की नाही ते मला अजून नक्की सांगता येत नाही. तिनं दगड सरकवला आणि छत्रीची थोडी सावली माझ्या अंगावर आली. ऊन फिरलं होतं म्हणून सरकवला असेल.

मग तिनं हात टोपलीत घातला आणि विचारलं, "तोंडं किती?"

मी म्हटलं, "एक."

तिचा हात तसाच राहिला. बाजूची बाई गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होती. मी सांगितलं नितीनचं, डॉक्टरांचं, लिफ्टचं. भराभरा सांगितलं. मथुरा ऐकत होती की नाही कळेना, बोंबलाची जुडी हातात घेऊन बोटांनी दाबत होती.

"एक तोंडाची आगोट मला बांदता येत नाय," ती म्हणाली.

"का?"

"कुनी मागलीच नाय आजून. एकल्या बाया पन दोन सांगतात, मांजर धरून." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुज्याकडं मांजर हाय?"

"नाय."

"मंग दोन धरते."

"आणि दुसरं कोण?"

"मी." तिनं सहज सांगितलं, जुड्या मोजायला लागली सुद्धा. "पावसात टोपली बंदच अस्ते माजी. येन मंगलवारी मंगलवारी. सून वेगली रांदते, एकलीला चूल पेटवाय कंटाला येतो. तू भाकरी कर, मी बसून खाईन. चटनीत लसून जास्त घाल, तुला कदी जमली नाय ती."

"माझी चटणी खाऊन लातूरचा माणूस तेवीस वर्षं नळ दुरुस्त करत होता," मी म्हटलं.

"लातूरवाल्याला काय कलतं."

ती बांधत होती आणि मी बघत होते. तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. एसटीच्या पायरीवर चढताना कंडक्टर हात देतो तेव्हा चढते. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, चार मजले आहेत. त्यांच्या गावाचा रस्ता जुलैत दोन-दोन दिवस पाण्याखाली असतो. ती येणार नाही हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असणार, ती काही भोळी बाई नाही. पण तिनं दोन तोंडांचं मोजून बांधलं, एक काडी कमी नाही, आणि मीही दोन तोंडांचंच घेतलं. निघताना म्हणाली, "सावकाश जा." मी म्हटलं, "मंगळवारी वाट बघते." ती म्हणाली, "मंग."

घरी येऊन दुपारभर काम केलं. गच्चीवर कागद पसरून बोंबलांना अजून एक ऊन दाखवलं, जवळा चाळला, सोडे निवडले. पाच तोंडांचे डबे माळ्यावरच राहू दिले, एकच लहान डबा काढला, धुऊन पुसून कोरडा केला. हात चालत होते. पंधरा दिवसांत पहिल्यांदा फोन कुठं ठेवलाय याची आठवण राहिली नव्हती.

पाचच्या सुमाराला तो वाजला. नितीन. ग्रुपवर नाही, मला एकटीलाच. "आई, काय चाललंय? जेवलीस का?"

बोटांना मासळीचा वास होता, पदराला पुसून लिहिलं, "जेवले. दोघींची आगोट भरतेय."

त्यानं अंगठा पाठवला.

दुसरी कोण, हे तो विचारेल असं मला वाटलं. विचारलं असतं तर सगळं सांगायचं मनात होतं, मथुराचं, छत्रीचं, ती येते म्हणाली ते आणि येणार नाही तेही. वर नितीन टाइप करतोय असं आलं. मी डब्याजवळ तशीच बसले. ते गेलं. परत आलं. मग परत गेलं ते आलं नाही. मी आणखी थोडा वेळ बघितलं, कामात असेल बिचारा. डब्याचं झाकण लावायचं राहिलं होतं. ते दोन्ही हातांनी दाबून बसवलं.